सोवळ्या तोंडाचं किटण

दुसऱ्याच्या पेल्याला आपण ओठ लावत नाही. उष्ट्या-खरकट्याचा इतका बारीक हिशेब ठेवणाऱ्यांनी एकदा स्वतःच्या दाढेवरून नख फिरवून पाहावं. नखात येणाऱ्या पांढुरक्या, चिकट किटणात जंतूंची अख्खी वस्ती असते. डेल्फ्टच्या लेवेनहूक नावाच्या कापडवाल्याने १६८३ साली ते भिंगाखाली धरलं आणि आत वळवळणाऱ्या जिवांची हकिगत लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवली. हा गृहस्थ रोज मिठाने दात घासणारा, बरं का!

आज प्रयोगशाळेत दाताच्याच खनिजाच्या चकत्यांवर हे जंतू वाढवतात, यंत्राला ब्रश बांधून मोजून दाब देतात, मोजून फेऱ्या मारतात आणि मागे किती जंतू उरले ते पाहतात. काम कंटाळवाणं, पण त्यातून निघतं ते आपल्याला झोंबणारं. साखरेपासून जंतू डिंकासारखा पदार्थ तयार करतात आणि त्यात घट्ट रुतून बसतात. जेवून उठल्यावर खळखळून भरलेली चूळ त्यांना हलवत नाही. आपलं तोंड ‘शुद्ध’ झालं, हे फक्त आपल्या मनात. थर निघतो तो घासण्याने. कोरड्या ब्रशनेही तो जवळजवळ तितकाच निघतो. पेस्टमधलं फ्लोराइड दात किडू नये म्हणून मोलाचं, पण जाहिरातवाले विकतात तो फेस, आणि आपण फेसालाच स्वच्छता समजतो. शिवाय एका वेळच्या घासण्याने किटणाचं मोजमाप सरासरी ४२ टक्क्यांनीच उतरतं, असं अनेक चाचण्यांच्या एकत्रित हिशेबात दिसलं. दातांच्या फटींत तर ब्रश पोचतच नाही. पाणी तापेपर्यंत उरकलेलं आपलं दात घासणं त्यात कुठे बसतं?

१९६५ साली डेन्मार्कमध्ये बारा निरोगी माणसांनी दात घासणं थांबवलं. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. घासणं सुरू केल्यावर आठवडाभरात उतरल्या. म्हणजे उपाय दोन बोटांत मावणारा. तरी आपण मुलाची किडलेली दाढ पाहून म्हणतो, ‘दुधाचीच आहे, पडेल.’ आणि ठणक्याने रात्रभर रडणाऱ्या त्या पोराला लवंग देऊन गप्प करतो.

मशेरीबद्दल, म्हणजे तव्यावर भाजून दातांना चोळायच्या तंबाखूबद्दल, तर बोलायचीही लाज वाटावी. १९९२ साली सरकारने दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. पण चुलीवरच्या तव्याला कुठला कायदा विचारणार? पहाटे उठून शेतावर जाणाऱ्या बाईची भूक मरावी म्हणून मशेरी तिच्या हातात पडली, आणि आपण त्याला ‘दात घासायची सवय’ असं सोज्वळ नाव दिलं. तोंडाच्या कर्करोगाचं बी रोज हिरडीवर चोळलं जातं आणि घरातलं कुणी ब्र काढत नाही. उष्टं मात्र चालत नाही. सासू डबी पुढे करते, सून ती घेते, आणि उंबऱ्यावर बसलेली नात दोघींचं बोट तोंडात कसं फिरतं ते बघत असते.