पुढच्या आठवड्यात कोण येणार?

तुमच्या फोनच्या गॅलरीत तो फोटो नक्की असणार. कॉलेजचा टी-शर्ट, मागे फ्लेक्स, मध्ये तांदूळ-डाळीची पिशवी आणि पिशवीच्या पलीकडे एक बाई. कॅमेऱ्याकडे बघायचं की पिशवीकडे, हे तिला कळत नाहीये. फोटो एनएसएसचा असेल, फेस्टचा असेल, नाहीतर कुणाच्या तरी वाढदिवसाचा.

फोटोवर माझा राग नाही. पिशवीतलं धान्य खरं असतं आणि त्या दिवशी त्या घरातला स्वयंपाक त्यातूनच होतो. मला पडलेला प्रश्न त्याच्या पुढचा आहे. पुढच्या आठवड्यात त्या बाईकडे कोण जातं?

याचं बऱ्यापैकी पक्कं उत्तर मला चर्चमध्ये सापडलं. आपल्यापैकी बहुतेकांसाठी चर्च म्हणजे नाताळची लायटिंग, केक आणि सप्टेंबरातली माउंट मेरीची जत्रा. पण मुंबईतल्या अनेक कॅथलिक चर्चमध्ये एक छोटासा गट असतो, ‘सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी’ नावाचा. मिस्सा संपल्यावर दारापाशी पेटी घेऊन उभे असलेले अंकल-आंटी दिसले, तर ते बहुधा या गटाचे असतात. दिसायला अगदी साधा, थोडा जुनाट प्रकार. पण त्याची सुरुवात कुणी केली माहितीये? तुमच्या-माझ्या वयाच्या कॉलेजातल्या पोरांनी.

साल १८३३, शहर पॅरिस. आदल्याच वर्षी कॉलऱ्याच्या साथीत शहरातली हजारो माणसं गेली होती आणि गरीब वस्त्यांना सगळ्यात जास्त फटका बसला होता. फ्रेडरिक ओझानाम नावाचा मुलगा तिथे कायद्याचं शिक्षण घेत होता. विद्यार्थ्यांचं एक चर्चामंडळ होतं, त्यात तो जोरजोरात वाद घालायचा. धर्मानं समाजाला काय काय दिलं, हा त्याचा आवडता विषय. एकदा समोरच्या एकानं त्याला टोला हाणला, की पूर्वी दिलं असेल रे, आज तुम्ही लोक गरिबांसाठी काय करताय ते दाखव.

हा टोमणा आपल्यालाही ओळखीचा आहे. कमेंट सेक्शनमध्ये रोज कुणीतरी कुणाला तरी तो मारत असतं, आणि आपण त्याला आणखी तीन कमेंट्सनी उत्तर देतो. ओझानामनं तसं केलं नाही. मित्रांना गोळा केलं आणि २३ एप्रिल १८३३ रोजी, म्हणजे स्वतःच्या विसाव्या वाढदिवशी, पहिली बैठक घेतली. (ही बैठक एका वृत्तपत्राच्या कचेरीत झाली होती आणि तिचा अध्यक्ष त्याच वृत्तपत्राचा संपादक होता. इंटर्न म्हणून हे सांगताना मला जरा बरं वाटतंय.) असं सांगतात, की त्याआधीच ओझानाम आणि त्याच्या एका मित्रानं आपल्याकडचं उरलेलं सरपण एका गरीब कुटुंबाच्या घरी नेऊन पोचवलं होतं.

पण नुसत्या जोशावर काम चालत नाही. या पोरांना वस्ती माहीत नव्हती. कुणाकडे जायचं, काय बोलायचं, काय बोलायचं नाही, काहीच ठाऊक नव्हतं. म्हणून ते रोझाली रांदू नावाच्या सिस्टरकडे गेले. पॅरिसच्या मूफतार या गरीब भागात ती अनेक वर्षं काम करत होती. तिनं त्यांना घरं दाखवली आणि वागायचं कसं तेही शिकवलं. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे एनजीओ उघडायची असेल तर आधी लोगो ठरतो, वस्ती नंतर शोधली जाते.

या गटानं तेव्हा लावून घेतलेल्या सवयी जवळपास दोनशे वर्षांनंतरही टिकून आहेत. आज दीडशेच्या आसपास देशांत ही संस्था काम करते. गट दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला भेटतो. गरजू माणसाला रांगेत उभं करायचं नाही, आपण त्याच्या घरी जायचं. एकट्यानं जायचं नाही, दोघांनी जायचं. आणि बैठकीच्या शेवटी एक पिशवी फिरते, तिला म्हणतातच ‘सीक्रेट बॅग’. प्रत्येकानं मूठ बंद करून आत हात घालायचा आणि जमेल ते टाकायचं. कुणी पाचशे टाकले, कुणी दहा आणि कुणी नुसताच हात घालून बाहेर काढला, हे शेजारच्यालाही कळत नाही. आता आपल्या क्राउडफंडिंगच्या पानांवरची नावासकट, आकड्यासकट झळकणारी देणगीदारांची यादी आठवा.

या लेखासाठी पश्चिम उपनगरातल्या एका पॅरिशच्या अशा गटासोबत मी एका रविवारी फिरले. पॅरिश म्हणजे एका चर्चचा परिसर, त्याची हद्द. सोबत निवृत्त झालेले एक अंकल आणि शाळेत शिकवणाऱ्या एक आंटी होत्या. तीन घरं होती. पहिल्या घरात मुलाच्या अ‍ॅडमिशनची फी अडकली होती. दुसऱ्या घरात नवरा कामावरून पडून घरी बसलेला. तिसऱ्या घरात एकट्या राहणाऱ्या आजी, भिंतीवर विठ्ठल-रखुमाईची तसबीर, त्याला ताजा हार. अंकलनी चपला बाहेर काढल्या, आत जाऊन खाली बसले आणि पहिलं काय विचारलं, तर “आजी, गुडघ्याचं तेल संपलं का?” धान्याची पिशवी आंटींनी न बोलता ओट्याखाली सरकवली. पिशवी साधी, भाजीची असते तशी. चर्चचं नाव नाही, क्रॉस नाही, काही नाही. बाहेर पडल्यावर मी विचारलं, तर आंटी म्हणाल्या, “चाळीत सगळ्यांना सगळं दिसतं गं. तिला कशाला खाली मान घालायला लावायची?”

आजींनी मला लिमलेटची गोळी दिली आणि अंकलना दम भरला, “मागच्या रविवारी आला नाहीत ते.” मदत घेणारा माणूस मदत करणाऱ्याला हक्कानं रागावू शकतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तुमच्या-माझ्या ड्राइव्हमध्ये असा राग कुणी करेल? त्यासाठी समोरचा पुन्हा येणार याची खात्री लागते.

आता तो प्रश्न. तुमच्या डोक्यात तो पहिल्या परिच्छेदापासूनच असेल, म्हणून सरळच विचारू. हे सगळं धर्मांतरासाठी तर नाही ना? प्रश्न विचारण्यात गैर काही नाही. भुकेल्या माणसापुढे ताट ठेवून त्याच्या बदल्यात देव बदलायला लावणं हे वाईटच, मग ते कुणीही करो. पण त्याची कसोटी कुठल्या व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डमध्ये शोधू नका. ती साधी आहे: प्रार्थनेला ‘नको’ म्हणणाऱ्या घराला पुढच्या आठवड्यात पिशवी मिळते की नाही? सेंट व्हिन्सेंट डी पॉलच्या नियमात धर्म-जात न बघता मदत करायची असं स्पष्ट आहे. आणि मी पाहिलेल्या त्या घरात विठ्ठलाच्या तसबिरीखालीच पिशवी ठेवली गेली. एका रविवारवरून सगळ्या चर्चना सर्टिफिकेट द्यायला मी बसलेली नाही. कसोटी मात्र प्रत्येकाला लावा. आपल्या मंदिराच्या अन्नदानालाही लावा आणि नगरसेवकाच्या दिवाळी किटलाही. त्या किटमध्ये मतदार यादीतलं नाव तपासलं जातं की नाही, ते बघा.

माझा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. पिशवीनं आठवडा निघतो, गरिबी हटत नाही. फी भरली तरी पुढच्या जूनमध्ये पुन्हा फी असतेच. हे ओझानामलाही कळलं होतं. पुढे तो सोरबॉनमध्ये प्राध्यापक झाला, १८४८ च्या क्रांतीच्या वर्षी मित्रांसोबत त्यानं एक दैनिक काढलं आणि दानासोबत न्यायही हवा, जखमेवर मलम लावताना जखम करणाऱ्याला थांबवायलाही हवं, असं तो मांडत राहिला. चाळिसाव्या वर्षी तो गेला.

चर्चनं ही पुढची पायरीही चढून दाखवली आहे, आणि ती बघायला पॅरिसला जायची गरज नाही. विरारची लोकल पकडा, वसईला उतरा. पापडी नाक्यावर बेसिन कॅथलिक सहकारी बँकेची इमारत आहे. १९१८ मध्ये मोन्सिन्योर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंच्या पुढाकारानं ती सुरू झाली. तो काळ सावकाराचा. लग्न, आजारपण, बियाणं, काहीही आलं की त्याचं दार. अशा वेळी माणसाला दान दिलं तर तो एक महिना सुटतो. रास्त व्याजानं कर्ज मिळालं, त्यातही बँकेत त्याचा स्वतःचा शेअर असला, तर तो मान वर करून दारातून आत येतो. शंभरहून जास्त वर्षांनी ती आज शेड्युल्ड बँक आहे. धर्मगुरूनं बँक काढणं आपल्याला विचित्र वाटतं, पण गरिबांसाठी केलेल्या कामांमध्ये मी तरी त्याला पिशवीपेक्षा वरचे मार्क देईन.

मग पिशवी बंद करायची का? नाही. कारण आजींना कर्ज नकोय, त्यांना गुडघ्याचं तेल हवंय आणि रविवारी कुणीतरी यायला हवंय. कुणाला काय लागतं ते घरी गेल्याशिवाय कळत नाही, आणि एकदा जाऊन तर मुळीच कळत नाही.

अंकल पुढच्या वर्षी सत्तरीचे होतील. त्यांच्या गटात तिशीच्या आतलं कुणी नाही. विशीतल्या पोरांनी सुरू केलेली गोष्ट आता सत्तरीतली माणसं जिने चढून चालवतायत. चर्चमधली तरुण मुलं नाताळच्या कॅरोलला भरपूर असतात, असं आंटी हसत म्हणाल्या, पण त्यांना ते लागलेलं दिसत होतं.

आपल्याकडे एनएसएसला वर्षाला १२० तास भरावे लागतात. ते आपण कसे भरतो, तुम्हाला माहीत आहे. रॅली, रांगोळी, एक दिवस बीच क्लीनअप, सात दिवस कॅम्प. कॉलेजनं यातले निम्मे तास वेगळे काढावेत. दोघा-दोघांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला कॉलेजच्या आसपासची फक्त दोन घरं द्यावीत. कोण गरजू आहे ते तिथल्या अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईला विचारावं, जसं त्या पोरांनी सिस्टर रोझालीला विचारलं. आठवड्याला दोन तास, तीस आठवडे. रेशनकार्डावर नाव चढवायचंय, शिष्यवृत्तीचा फॉर्म ऑनलाइन भरायचाय, सरकारी हॉस्पिटलमध्ये केसपेपर काढायला सोबत जायचंय, एवढी कामं तर आपल्याला सहज जमतात. हजेरीसाठी फोटो मागायचा नाही. त्या घरातल्या माणसानं डायरीत सही केली की झाले तास. आणि एखाद्या आठवड्यात तुम्ही गेला नाहीत, तर सही न करायचा अधिकारही त्याचाच.