हनुवटी दिवाळीला!

मोठ्या हौसेनं ऑनलाइन वस्तरा मागवला. एकदम रॉयल वाटलं, बॉस! पहिल्याच सकाळी गालावर दोन रेघा, हनुवटीवर रक्त आणि दहाच्या मीटिंगला तोंडावर कागदाचे कपटे.

शनिवारी गावाकडे जाताना देवगाव फाट्यावर उतरलो. तिथल्या सलूनवाल्या काकांनी माझा अवतार बघितला. "घाई कशाला करायलास? आधी गाल. हनुवटी मागून."

मग शिकवलं. वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर घासताना पाठ पुढे, धार मागे. गरम पाणी, भरपूर फेस. कातडी ताणायची, पातं साधारण ३० अंशांत धरायचं, केसांच्या दिशेनंच फिरवायचं. दाबायचं अजिबात नाही. शेवटी गार पाणी आणि तुरटी.

किंग जिलेटला सेफ्टी रेझरचं अमेरिकन पेटंट १९०४ मध्ये मिळालं. तेव्हापासून हात न शिकवताही दाढी उरकता येते. वस्तऱ्याला मात्र हातच शिकवावा लागतो, आणि हात हळूहळूच शिकतो.

सध्या फक्त रविवारी, फक्त गाल. बाकी तोंडाला जुनंच रेझर. गुळगुळीत होत नाही, पण रक्तही येत नाही. माझ्यासाठी एवढं प्रमोशन पुरे.

हनुवटी? बघू, दिवाळीला!