तपासणीनंतरचे काय?

गर्भाशयमुखाचा कर्करोग एका रात्रीत होत नाही. एचपीव्ही विषाणूचा संसर्ग ठाण मांडून बसला आणि पेशी बदलत गेल्या, तरी कर्करोग व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षे जातात. इतकी सवड असूनही देशात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास महिलांना तो गाठतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) ३० ते ४९ वयोगटातील शंभरात दोन महिलांचीही या कर्करोगासाठी तपासणी कधी झालेली नव्हती.

तपासणी वाढायलाच हवी. पण व्यवस्थेची खरी कसोटी लागते ती दोष आढळल्यावर. आरोग्य केंद्रात सौम्य अॅसिटिक आम्ल लावून पाहिल्यावर पांढरा डाग दिसला, की मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी हाती पडते. तिथे जायचे तर रोज बुडतो, सोबतीला कोणी लागते, घरी कारण सांगावे लागते. वर ‘डाग म्हणजे कॅन्सरच’ ही धास्ती. वास्तविक असा डाग साध्या दाहामुळेही दिसतो. कोल्पोस्कोपी आणि गरजेनुसार बायोप्सी झाल्यावरच निदान होते. कर्करोगपूर्व बदल निघाला, तर बहुतेकदा तेवढाच भाग गोठवून, उष्णता देऊन किंवा कापून काढता येतो. त्यासाठी पिशवी काढण्याची सहसा गरज नसते.

हे वेळेवर न सांगितल्याची किंमत बीडने मोजली. ऊसतोड महिलांची २०१९ मध्ये पाहणी झाली, तेव्हा ८२ हजारांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. कॅन्सरची भीती घातली गेल्याचे अनेकींनी सांगितले.

शेजारच्या धाराशिवमध्ये मात्र वेगळे घडले. टाटा स्मारक केंद्र आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाने तिथल्या सव्वा लाखाहून अधिक ग्रामीण महिलांचा अभ्यास केला. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या गटाची एकदाच एचपीव्ही चाचणी झाली, त्यात आठ वर्षांतले या कर्करोगाचे मृत्यू न तपासलेल्या गटाच्या जवळपास निम्मे होते. दोष आढळलेल्या महिलांना निदान आणि उपचारांपर्यंत नेण्याची सोय अभ्यासातच होती.

तीच सोय आता सरकारने करायला हवी. उपजिल्हा रुग्णालयांत कोल्पोस्कोप आणि तो वापरणारे प्रशिक्षित डॉक्टर हवेत. आशाताईंना पाठपुराव्याचा मोबदला आणि रुग्ण महिलेला प्रवासभाडे मिळावे. शक्य तिथे तपासणीच्या दिवशीच उपचार व्हावेत. आणि प्रत्येक तालुक्याने किती जणींची तपासणी झाली एवढेच न सांगता, दोष निघालेल्या किती जणींचे उपचार पूर्ण झाले, हेही जाहीर करावे. कार्यक्रमाचे यश या दुसऱ्या आकड्यावरच मोजले पाहिजे.