घर आणि यंत्र : जुन्या मोटारीचे दंड आणि बैठका

या सदरात आजवर शिलाईयंत्र, पाण्याचा पंप, सायकल अशा रोजच्या उपयोगाच्या यंत्रांविषयी लिहिले गेले. या खेपेस विषय मोटारीचा आहे, आणि तीही दोन आसनांच्या, उघड्या टपाच्या, हौसेच्या मोटारीचा. काही वाचकांना हा विषय चैनीचा वाटेल. परंतु ज्या भागांविषयी येथे सांगावयाचे आहे, ते आज आपल्या बहुतेक लहान मोटारींत आहेत. त्यांच्याकडे झालेले दुर्लक्ष कसे अंगावर येते, हे आम्ही बंगळूर येथे एका मराठी कुटुंबात प्रत्यक्ष पाहिले.

जयनगर भागातील या घरी एक ‘सॅन स्टॉर्म’ आहे. ही मोटार 1998 साली बाजारात आली. बंगळूरच्या ज्या उद्योगसमूहाने ती काढली, त्याचा मूळ व्यवसाय रेल्वेची लहान डिझेल इंजिने बांधण्याचा होता. मोटारीचे बाह्यांग फायबरचे आणि इंजिन फ्रान्समधील रेनो कंपनीचे, 1,149 घनसेंटिमीटरचे. तेच इंजिन त्या कंपनीच्या क्लिओ व ट्विंगो या लहान मोटारींतही होते. स्टॉर्म थोड्याच निघाल्या आणि आता तिचे उत्पादन होत नाही. घरच्या गृहस्थांनी ती हौसेने घेतली व जपली. ते गेल्यावर ती त्यांच्या कन्येकडे आली.

एके सकाळी कन्येने गाडी फाटकासमोरील उतारावर उभी केली आणि वडिलांच्या सवयीप्रमाणे नुसती पहिल्या गिअरमध्ये ठेवून ती घरात गेली. गाडी आपोआप घरंगळत खाली आली आणि समोरच्या कुंपणाच्या भिंतीस टेकून थांबली. रस्त्यावर त्या क्षणी कोणी नव्हते, हे भाग्य. क्षणापूर्वीच शेजारची दोन मुले तेथून शाळेस गेली होती.

“विकून टाक ही गाडी,” काकू त्या दिवसापासून म्हणू लागल्या. “तुझे बाबा होते तोवर ठीक होते.”

“आई, आता विकली तर ती भंगारातच जाईल,” कन्या म्हणाली. “मला दीड महिना दे. दोष सापडला नाही तर मी स्वतःच विकीन.”

गिअरमध्ये ठेवलेली गाडी घरंगळली कशी? याचे उत्तर समजण्यासाठी चाकांना गती कशी मिळते हे पाहिले पाहिजे. अँबॅसडर किंवा पद्मिनी या मोटारींत इंजिन पुढे असून शक्ती एका लांब दांड्याने मागील चाकांकडे जात असे. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली आणि पुढील चाकांनी चालणारी मोटार आपल्याकडे घरोघरी पोहोचली. स्टॉर्मही त्याच जातीची. अशा गाडीत गिअरबॉक्सच्या दोन्ही अंगांनी एकेक दंड निघून पुढच्या चाकापर्यंत जातो. या दंडावर दुहेरी भार असतो. चाक खड्ड्यात वरखाली होते आणि वळणावर डावी-उजवीकडे फिरते. तरीही त्याला गती एकसारखी मिळाली पाहिजे.

साध्या सांध्याने हे साधत नाही. कार्डानचा म्हणून ओळखला जाणारा जुना सांधा वाकला की प्रत्येक फेऱ्यात दोनदा गती वाढते व दोनदा कमी होते. आल्फ्रेड झेप्पा या अभियंत्याने 1920 च्या दशकात यावर तोड काढली. त्याच्या सांध्यात वक्र खाचांत सहा पोलादी गोळ्या असतात. सांधा कितीही वाकला तरी या गोळ्या कोनाच्या बरोबर मध्यावर राहतात आणि गती सम राहते. 1959 साली इंग्लंडात निघालेल्या मिनी मोटारीमुळे हा सांधा लहान गाड्यांत रूढ झाला. चाकाकडच्या टोकास तो असतो, तर गिअरबॉक्सकडे बहुधा तीन रुळांचा सांधा असतो. तो आतबाहेर सरकून दंडाची लांबी कमीजास्त होऊ देतो.

या दोन्ही सांध्यांचे प्राण एका क्षुद्र वस्तूत असतात, ती म्हणजे घडीदार रबरी बूट. बूट फाटला की ग्रीस बाहेर उडते, धूळ व पाणी आत जाते आणि खाचा झिजू लागतात. चाक पूर्ण वळवून सावकाश पुढे जाताना ‘कट्‌कट्’ असा आवाज आला तर बाहेरचा सांधा गेला असे समजावे. वेग घेताना गाडी थरथरली आणि पाय काढताच थरथर थांबली, तर आतल्या सांध्याचा संशय घ्यावा. बूट फाटल्याचे आरंभीच कळले तर नवा बूट व ग्रीस एवढ्यावर भागते. आवाज सुरू झाल्यावर मात्र सांधाच बदलावा लागतो.

आता त्या घरंगळण्याचे कारण. पूर्वी एका कारखान्यात उजवा दंड बदलला होता. तेथे मिळाला तो, दिसावयास सारखा परंतु किंचित आखूड दंड बसविला गेला. तेवढ्यानेही कदाचित निभावले असते. पण इंजिनाच्या बैठका, ज्यांना मिस्त्री लोक फाउंडेशन म्हणतात, त्याही खचल्या होत्या. धातूच्या दोन पट्ट्यांमध्ये पक्के बसविलेले हे रबर उष्णतेने व गळत्या तेलाने कडक होते, तडकते आणि बसते. बैठक खचली की इंजिन एका अंगास कलते आणि गिअरबॉक्स त्याच्याबरोबर सरकतो. आखूड दंडाचे आतील टोक त्यामुळे पार कडेला आले आणि त्या दिवशी फाटकाच्या उंचवट्यावर निसटले. एक दंड सुटला की गिअरबॉक्समधील भेदचक्र, म्हणजे डिफरन्शियल, त्या बाजूस मोकळे फिरते. मग दुसऱ्या चाकासही इंजिन अडवू शकत नाही. गिअर पडलेला असूनही गाडी मोकळीच राहते. हँडब्रेक स्टॉर्मची मागील चाके धरतो, त्याचा या दंडांशी संबंध नाही. तो ओढलेला असता तर काहीच घडले नसते.

पुढचे काम कन्येने शिवाजीनगरच्या एका वयस्क मिस्त्रींच्या देखरेखीखाली केले. जे. सी. रस्त्यावरील दुकाने पालथी घालताना तिने तीन मापे कागदावर लिहून नेली होती : दंडाची लांबी, दोन्ही टोकांच्या दात्यांची संख्या आणि चाकाकडच्या आट्यांचा व्यास. डावा व उजवा दंड बहुधा असमान असतात, हे ध्यानात ठेवावे. एका दुकानदाराने जुना दंड कापून, मध्ये तुकडा वेल्ड करून देण्याची तयारी दाखविली. मिस्त्रींनी साफ नकार दिला, व तो योग्यच होता. दंडाचे पोलाद उष्णोपचाराने कणखर केलेले असते. वेल्डिंगच्या आचेने ती कणखरता जाते आणि दंड पुढे केव्हा तुटेल याचा नेम राहत नाही.

कामाचा क्रम असा. चाकाच्या मधला मोठा नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावा. मग गाडी जॅकने उचलून घोड्यांवर पक्की ठेवावी, केवळ जॅकवर ठेवून खाली कधीही शिरू नये. गिअरबॉक्समधील तेल काढावे. खालच्या आर्मचा बॉल जॉइंट सोडवून चाकाचा भाग बाहेर ओढला की दंड मोकळा होतो. आतील टोक कसे अडकविले आहे हे आधी पाहावे. कोठे कडी असते, कोठे आरपार खीळ, तर कोठे पट्टी व बोल्ट. ऑइल सील त्याच वेळी नवे घालावे. सांध्यास मॉलिब्डेनमचे काळे ग्रीसच द्यावे. चाकाचा नट नवाच घ्यावा आणि निर्मात्याने दिलेल्या मापाने आवळावा.

बैठका बदलताना इंजिनाच्या तेलपात्राखाली लाकडी ठोकळा व जॅक द्यावा. बैठका एकेक करून बदलाव्या. सर्व बोल्ट प्रथम सैल बसवून, इंजिन आपल्या भाराने नीट बसल्यावरच शेवटचे आवळावे. नाहीतर नवे रबर पहिल्याच दिवसापासून पिळलेले राहते. शर्यतीच्या गाड्यांसाठीच्या फार कडक बैठका टाळाव्या, कारण त्यांनी सारी थरथर सांगाड्यात येते. नवे दंड घालून जुन्या बैठका ठेवणे म्हणजे खचलेल्या पायावर नवी भिंत बांधणे होय.

दीड महिन्याने आम्ही पुन्हा बंगळूरला गेलो, तेव्हा गाडी तयार होती. पूर्ण वळणावर आवाज नव्हता, उभ्या इंजिनाचा थरकाप नव्हता. काकू शेजारी बसून लालबागेपर्यंत जाऊन आल्या. उतरताना त्यांचा पहिला प्रश्न होता, “हँडब्रेक ओढलास का?”

“ओढला, आई.”

“मग राहू दे घरात.”

वाचकहो, आपली गाडी स्टॉर्म नसेल. परंतु ती पुढील चाकांनी चालत असेल, तर प्रत्येक पावसाळ्यानंतर दोन्ही बाजूंचे चारही बूट एकदा दिव्याने पाहावे. त्यास दहा मिनिटे पुरतात. आणि गाडी गिअरमध्ये ठेवली असली, तरी हँडब्रेक ओढल्याशिवाय उतारावर सोडू नये.