यंत्राला मराठी कोण शिकवणार?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. संगणकावर मात्र ही अभिजात भाषा अजूनही इंग्रजीच्या ओसरीवर ताटकळत उभी आहे.

कन्नड तालुक्यातील (नाव कन्नड, भाषा मराठीच!) देवगाव रंगारीच्या ग्रामपंचायतीने उद्या आपले संकेतस्थळ उभारावयाचे ठरवले, तर वर्डप्रेससारखी मुक्तस्रोत आज्ञावली तिला विनामूल्य मिळेल. परंतु इंग्रजी शब्दांच्या जागी मराठी शब्द घातले की काम संपले, हा समज चुकीचा आहे. इंग्रजीच्या बेताने शिवलेली आज्ञावली 'इन' हा शब्द ठेवून पुढे केवळ नाव बदलत जाते. मराठीत 'शाळा'पुढे 'त' चिकटवला तर 'शाळात' होते. आपणास हवे असते 'शाळेत'. शोध घेतानाही तीच गत. 'शाळा' असे टंकणाऱ्यास 'शाळेत' हे रूप असलेला ठराव सापडत नाही. सामान्यरूप यंत्राला ठाऊक नसते. ते शिकवावयाचे तर मूळ संहितेत हात घालावा लागतो. बंदिस्त आज्ञावलीत तो अधिकार केवळ मालकाचा. मुक्तस्रोत आज्ञावलीत तो देवगावच्या शाळामास्तरांचाही आहे.

चिनी भाषकांनी हा अधिकार बजावला. मुख्यभूमीवर सुलभ केलेली चिन्हे, तैवान व हाँगकाँगमध्ये पारंपरिक चिन्हे, यामुळे चिनी विकिपीडिया दुभंगण्याच्या वाटेवर होता. त्यामागील मीडियाविकी या आज्ञावलीची संहिता खुली असल्याने २००५ च्या सुमारास स्वयंसेवकांनी तिच्यातच चिन्हे पालटण्याची सोय बसवली. लेख एकच राहिला आणि प्रत्येक वाचक तो आपल्या वळणाच्या चिन्हांत वाचू लागला. त्यासाठी कोणा कंपनीच्या दारात अर्ज घेऊन उभे राहावे लागले नाही.

मुक्तस्रोत म्हणजे समाजवाद, असा भाबडेपणा मात्र आपण करू नये. स्वयंसेवकांनी फुकट लिहिलेल्या संहितेवर बड्या कंपन्या आज भरघोस नफा कमावीत आहेत. म्हणूनच मराठीचे हे काम केवळ हौशी तरुणांच्या रात्रींवर सोडून चालणार नाही. शासकीय कामात मुक्तस्रोतास प्राधान्य द्यावे, असे केंद्राचे धोरण २०१५ पासून आहे. राज्य शासनाने व्याकरणाचे जाणकार आणि संगणकाचे जाणकार यांना एकत्र बसवून, रीतसर मोबदला देऊन हे काम करून घ्यावे. जनतेच्या पैशातून लिहिली गेलेली प्रत्येक ओळ जनतेला खुली असली पाहिजे, हीच आमची मागणी आहे.

मागणी करताना आपले घरही तपासावे. युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेली चळवळीची कितीतरी पत्रके आज दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांचा नुसता चिवडा दिसतो. ज्या कार्यकर्त्यांनी ती टंकली, ते हयात आहेत तोवरच ती ताडून युनिकोडमध्ये आणता येतील. जिल्हा शाखांनी हे काम येत्या पावसाळ्यापूर्वी हाती घ्यावे.