ओसरीवरून : उदबत्तीचें घर

चिंचवडगांवांत मोरया गोसावींच्या देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर आमचा वाडा होता, त्या काळीं परका पाहुणा म्हणजे फार तर पुण्याचा. आतां वाड्याच्या जागीं चार मजली इमारत आहे. कांद्याच्या बाजारासाठीं ओळखल्या जाणाऱ्या चाकणच्या माळांवर मोटारींचे व टायरांचे कारखाने उभे राहिले आहेत. आणि जपानी, कोरियन, जर्मन माणसें आमच्या मंडईंत पिशवी घेऊन कोथिंबिरीची जुडी निवडतांना दिसतात. ज्या वाचकांचीं मुलेंबाळें पिंपरी, चाकण, तळेगांव या बाजूस नोकरीस आहेत त्यांना याचें नवल वाटणार नाहीं.

आमची धाकटी सून जपानी भाषा शिकलेली असून एका कारखान्यांत दुभाष्याचें काम करते. गेल्या १५ ऑगस्टला सुट्टी असल्यानें तिनें तेथील एका जपानी इंजिनियरांस जेवावयास बोलाविलें. गृहस्थ पन्नाशीचे, ओकायामा गांवचे. पुण्यास सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान म्हणून जी बाग २००६ सालीं खुली झाली, ती ज्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर रचली आहे ती याच ओकायामांत आहे. पाहुण्यांनीं जोडे बाहेर काढले, पाटावर मांडी घातली, जेवणापूर्वीं हात जोडले आणि ताटांत भाताचें एक शीतहि ठेविलें नाहीं. आमचें कुटुंब तिसऱ्यांदा वाढावयास आलें तेव्हां त्यांनीं दोन्ही हात आडवे केले, पण वाढलेला भात मात्र संपविला.

मास्तरकी सुटली तरी संवय सुटत नाहीं. मीं त्यांस त्यांची मुळाक्षरें म्हणावयास लाविलीं. अ, इ, उ, ए, ओ. मग क, स, त, न, ह, म, य, र, व. ही आपल्याच वर्णमालेची शिस्त. बौद्ध भिक्षूंनीं संस्कृताच्या अभ्यासाबरोबर ती तिकडे नेली. ऑगस्टच्या मध्यास त्यांच्याकडे पितर घरीं येतात, त्या सणास ओबोन म्हणतात. तो शब्द संस्कृत ‘उल्लंबन’ यावरून आला असें परंपरा सांगते. हें ऐकून मला मोठें समाधान झालें. परंतु पाहुणे पुढें जें बोलले त्यानें माझें पांडित्य तेथेंच थांबलें. ते म्हणाले, “आज तुमच्याकडे आनंदाचा दिवस आहे. मी सकाळीं साडेआठ वाजतां खोलींत एकटाच मिनिटभर उभा राहिलों होतों. त्या वेळीं जपानांत दुपारचे बारा वाजतात.”

१५ ऑगस्ट १९४५ रोजीं दुपारीं बारा वाजतां जपानच्या बादशहांनीं आकाशवाणीवरून शरणागति जाहीर केली. ब्रह्मदेशांत जपानशीं झालेलें युद्ध ज्यांच्या हुकमतीखालीं संपलें, त्या मौंटबॅटन यांनींच पुढें आपल्या स्वातंत्र्यासाठीं हीच तारीख नेमली. आपण झेंडा उभारतों त्या दिवसाची दुसरी बाजू अशी आहे, हें मी तीस वर्षें वर्गांत शिकवूनहि विसरलों होतों.

मग अवघडलेपण घालविण्यासाठीं आपण सर्व जण जें करतों तेंच मीं केलें. नेताजी सुभाषबाबूंचें नांव काढलें, टोकियोच्या रेंकोजी मंदिरांतील अस्थींविषयीं बोललों, आणि टोकियोच्या खटल्यांत सर्व आरोपींस निर्दोष म्हणणाऱ्या न्यायमूर्ति राधाविनोद पाल यांची थोरवी सांगितली. पाहुण्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें व सुनेकडून उत्तर दिलें : “भारतांत प्रत्येक जण मला हें सांगतो. मला बरें वाटतें, आणि थोडी लाजहि वाटते.”

लाज कां, असें मीं विचारलें. तेव्हां त्यांनीं आपल्या घरची हकीकत सांगितली. त्यांचे आजोबा १९४४ सालीं इंफाळच्या मोहिमेंत गेले ते परतले नाहींत. त्या वेळीं वडील एक वर्षाचे व थोरली आत्या आठ वर्षांची होती. पुढच्या वर्षीं २९ जूनच्या पहांटे ओकायामावर विमानांनीं आग ओतली. सतराशेंहून अधिक माणसें मेलीं, किल्ल्याचा जुना मनोरा जळाला. आत्या आईचा पदर धरून असाही नदीकडे धांवली होती. मोठे झाल्यावर वडील दर वर्षीं यासुकुनीच्या देवस्थानीं जाऊन नमस्कार करीत. आत्या एकदांहि गेली नाहीं. तिचें म्हणणें असें कीं, ज्यांनीं देशास युद्धांत लोटलें त्यांचींहि नांवें १९७८ पासून तेथें आहेत. बापास नमस्कार करावयाचा तर तो घरांतून करीन. दोघें भावंडें एका ताटाशीं बसत, पण हा विषय निघाला कीं एक जण उठून जाई. “आणि शाळेंत,” पाहुणे म्हणाले, “आम्हीं होरपळलों तें पुष्कळ शिकलों; आम्हीं इतरांस होरपळविलें तें थोडें शिकलों. पालांचें नांव ऐकलें कीं तें थोडें शिकलेलेंहि विसरावेंसें वाटतें, म्हणून लाज.”

वाचकहो, या ठिकाणीं सत्य सांगितलें पाहिजे. न्या. पाल यांचा आक्षेप जेत्यांनीं मागाहून केलेल्या कायद्यावर होता. नानकिंगमध्यें अत्याचार झाले नाहींत असें त्यांनीं लिहिलें नाहीं, उलट त्यांचा पुरावा प्रचंड आहे असेंच म्हटलें. अंदमानाच्या ज्या तुरुंगाचें नांव सावरकरांमुळें आपल्या घरोघरीं ठाऊक आहे, तेथेंच १९४२ ते १९४५ या काळांत जपान्यांनीं आपल्याच माणसांचे हाल केले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं गेले ते जपानच्या आक्रमणाखालीं भरडलेल्या चीनची शुश्रूषा करण्यास, आणि १९४२ च्या डिसेंबरांत बत्तिसाव्या वर्षीं तेथेंच वारले. सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले आझाद हिंद सेनेचे मोठे अधिकारी होऊन जपानच्या बाजूनें उभे राहिले. आणि मार्च १९४४ मध्यें इंफाळच्या वाटेवर सांगशाकच्या टेकडीवर जपान्यांस ज्यांनीं कित्येक दिवस अडवून धरलें, त्यांत मराठा पलटणीचे शिपाई होते. एकाच महाराष्ट्राची माणसें अशीं तीन वाटांनीं गेलीं. यांतील सोयीचें तेवढें पाहुण्यांपुढें वाढावयाचें, ही कसली अतिथिपूजा?

इतक्यांत त्यांची दृष्टि फडताळाकडे गेली. तेथें आमचें उदबत्तीचें घर असतें : बोटाएवढी पितळी नळी, लाकडी ठोकळ्यांत बसविलेली. नवख्यास तें ओळखूं येत नाहीं. त्यांनीं ओळखलें. “काडतूस?” त्यांनीं विचारलें.

सून माझ्याकडे पाहूं लागली. ‘बाजारांतून आणलें’ म्हणून सुटतां आलें असतें. पण वडिलांच्या वस्तूसमोर बसून खोटें बोलवेना. मीं सांगितलें कीं, माझे वडील १९४२ सालीं मॅट्रिक होऊन खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत कारकून लागले. चिंचवडहून सायकलनें जात. तेथें रायफलीचीं काडतुसें होत, तीं मोजून पेट्यांची नोंद ठेवावयाची हें त्यांचें काम. त्याच घरांत थोरले काका शेजाऱ्यांच्या रेडिओवर, दार लावून, सुभाषबाबूंचें भाषण ऐकत. म्हणजे एका भावाच्या नोंदींतील पेट्या ब्रह्मदेशाकडे जात, आणि दुसरा भाऊ तिकडून येणाऱ्या सैन्याची वाट पाही. हें रिकामें काडतूस घरीं कसें आलें तें वडिलांनीं कधीं सांगितलें नाहीं; मींहि कधीं विचारलें नाहीं.

बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग पाहुण्यांनीं विचारलें, “त्या पगाराचें वडिलांनीं काय केलें?”

मीं म्हटलें, “धाकट्या बहिणीचें लग्न केलें. काकांचें शिक्षण पुरें केलें.”

“आजोबा गोळीनें गेले कीं भुकेनें, हें आमच्या घरीं कोणास ठाऊक नाहीं,” ते म्हणाले. “त्या डोंगरांत गोळीपेक्षां भुकेनें व रोगानेंच अधिक गेले. आत्या म्हणून भाताचें शीत टाकूं देत नाहीं.” आणि थोडें थांबून, “बहिणीचें लग्न झालें, हें बरें झालें.”

क्षमा केली असें ते म्हणाले नाहींत. मींहि मागितली नाहीं. जातांना मात्र ते फडताळापुढें उभे राहून वांकले.

भाद्रपदांत सर्वपित्रीस तर्पण करतांना, ज्यांना पाणी देणारें कोणी नाहीं त्यांच्यासाठीं जी ओंजळ सोडतात ती सोडण्यापूर्वीं मला इंफाळचे डोंगर आठवले. दिवाळीनंतर पाहुणे ओकायामास जाऊन आले. त्यांच्या आत्याबाई आज नव्वदीच्या घरांत आहेत. त्यांनीं उदबत्त्यांची एक लहान पेटी आमच्यासाठीं धाडली. जपानी उदबत्तींत काडी नसते, ती फार बारीक असते. आमच्या घरांत ती सैल बसूं लागली. तेव्हां कुटुंबानें त्या नळींत चिमूटभर तांदूळ घातले, आणि ती उभी राहिली.

वाचकांस एवढेंच विनवितों : तुमच्याहि घरांत एखादी जुनी बिलगी, पितळेचा तुकडा, पेन्शनचें पुस्तक पडलें असेल. ज्या वडीलधाऱ्यांना त्याची हकीकत ठाऊक आहे ते आहेत तोंवर त्यांना विचारून ठेवा. आणि ती ऐकावयास सोयीची नसली, तर ती अधिक काळजीनें लिहून ठेवा.