ढगाचा पत्ता

ढगाचा फोटो कुठे काढला आणि केव्हा काढला हे सोबत नसेल, तर अभ्यासाच्या दृष्टीने तो वाया गेला. वळवाच्या दिवसांत महाराष्ट्रभर मोबाइल आभाळाकडे वळतात, ही फार चांगली गोष्ट आहे. पण एखादं विलक्षण दृश्य चार ग्रुपांवरून फिरून आपल्यापर्यंत येतं, तेव्हा त्याचं मूळ गाव पुसलेलं असतं. वर मजकूर एवढाच, ‘आत्ताच, आपल्याकडे!’

नोंद असलेल्या फोटोंनी काय होतं, ते पाहा. जून २००६मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, सीडर रॅपिड्स शहरात, एका महिलेने ऑफिसच्या खिडकीतून आभाळ टिपलं. समुद्राच्या पोटातून वरच्या खवळलेल्या लाटा पाहाव्यात, तसा ढगांचा तळ दिसत होता. रूढ वर्गीकरणात तो नीट बसेना. गॅव्हिन प्रेटर-पिनी यांनी ब्रिटनमध्ये हौशी ढगनिरीक्षकांसाठी काढलेल्या ‘क्लाउड अप्रिसिएशन सोसायटी’कडे असेच फोटो इतर देशांतूनही येत होते. रेडिंग विद्यापीठात या ढगांचा अभ्यास झाला. फोटोंची वेळ आणि ठिकाण ठाऊक होतं, म्हणूनच त्या वेळी तिथली हवा कशी होती हे पडताळता आलं. अखेर २०१७च्या जागतिक हवामान दिनी, २३ मार्चला, जागतिक हवामान संघटनेने ‘इंटरनॅशनल क्लाउड ॲटलास’च्या नव्या आवृत्तीत या ढगांना ‘ॲस्पेरिटास’ या नावाने जागा दिली. या ॲटलासची पहिली आवृत्ती १८९६ची. अशा जुन्या, जगन्मान्य ग्रंथात सामान्य माणसांच्या कॅमेऱ्यांमुळे भर पडली, याचं मोल फार मोठं आहे.

उपग्रह असताना याची गरज काय, असं कुणी विचारील. उपग्रहाला दिसतो तो ढगाचा माथा. ॲस्पेरिटासच्या लाटा असतात तळाला, त्या जमिनीवरच्या माणसालाच दिसतात. काही आकार तर मिनिटांत विरतात. वरच्या आणि खालच्या थरातल्या वाऱ्यांच्या वेगात मोठा फरक पडला की ढगाच्या माथ्यावर ओळीने लाटा फुटतात. हाक मारून कुणाला बोलवावं, तोवर त्या गेलेल्या असतात. तिथे ज्याच्या हातात मोबाइल, तोच निरीक्षक.

मात्र जिवाची काळजी आधी. जुलै २०२३मध्ये हरिद्वारच्या आकाशात दिसलेला आडवा, अजस्र ‘शेल्फ क्लाउड’ अनेकांनी पाहिला असेल. वादळी ढगातून थंड हवा खाली कोसळते, जमिनीलगत पसरते आणि समोरच्या दमट, उबदार हवेला वर ढकलते. त्यातून हा पट्टा तयार होतो. म्हणजे तो दिसला की सोसाट्याचा वारा जवळ आलेला असतो, पाठोपाठ विजाही येऊ शकतात. अशा वेळी गच्चीत किंवा गडाच्या कड्यावर फोटोसाठी थांबणं हा शुद्ध अविचार आहे. गडगडाट ऐकू आला की घरात यावं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी बाहेर पडू नये.

मोबाइल फोटोबरोबर वेळ साठवतो, परवानगी दिली असेल तर ठिकाणही साठवतो. पण व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की ही माहिती गळून पडते. म्हणून मूळ फोटो जपून ठेवा. पाठवताना गाव, तारीख, वेळ आणि कोणत्या दिशेला पाहत होतात हे दोन ओळींत लिहा. चौकटीत क्षितिजाचा, एखाद्या झाडाचा किंवा इमारतीचा भाग येऊ द्या, त्यावरून ढगाच्या आकाराचा अंदाज बांधता येतो. रंग भडक करू नका. आणि दुसऱ्याने पाठवलेल्या ढगाचं गाव कळत नसेल, तर कृपा करून तो पुढे पाठवू नका.